विचार करून सांगतो

सोमवार, ३ मार्च

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवण्यासाठी नाही. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या त्यांच्या पश्चात सापडतात, ती गोष्ट वेगळी. म्हणून अक्षर मात्र नीट काढायचं.

निमित्त असं की आज शब्दकोशाच्या ऑफिसात बाईंनी मला केबिनमध्ये बोलावून एक शब्द दिला. बाई म्हणजे आमच्या मुख्य संपादक. शब्द 'विचारणे'. फक्त एकच. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीला (कीबोर्ड बडवते म्हणून तिला सगळे टकटक म्हणतात) त्याच बैठकीत 'व'चे ढीगभर शब्द दिले. बिचारी. मला एक. यातच काय ते आलं.

शब्द देताना बाई म्हणाल्या, निदान हा एक तरी होऊ दे तुमच्या हातून. 'निदान'वर त्यांनी जो जोर दिला, त्यावरून त्यांची माझ्याकडून किती अपेक्षा आहे ते कळलं. मुदत वीस तारीख. त्यानंतर 'व' छापायला जाणार.

निघता निघता सहसंपादकाच्या रिकाम्या खुर्चीचा विषय काढला. म्हटलं, माझा अर्ज तुमच्याकडे आहे. बाई म्हणाल्या, विचार करून सांगते. उभं आयुष्य शब्दांत घालवलेली बाई विचार करणार म्हणजे तो काय साधासुधा विचार असेल? येताना आनंदाने दोन पुडे बिस्किटं घेतली.

ऑफिसात मला विचारवंत म्हणतात. सुरुवातीला संकोच वाटायचा. आता सवय झाली.

संकल्प: रोज पहाटे उठून शब्दावर चिंतन. चहा निम्मा. टकटकशी स्वतःची तुलना करायची नाही, उगाच तिला वाईट वाटेल.

मंगळवार, ४ मार्च

पहाटे उठणं जमलं नाही. पहाटे उठण्याचाच विचार करत होतो, त्यात झोप लागायला उशीर झाला.

शब्दाचं मूळ: वि अधिक चर्. चर् म्हणजे फिरणे, चालणे. म्हणजे विचार ही मुळात मनाची भटकंती. जुन्या मराठीत विचारणे म्हणजे मनात खोलवर विचार करणे. 'प्रश्न करणे' हा अर्थ पुढे इतका सोकावला की त्याने मूळ अर्थाला घराबाहेर काढलं. भाडेकरूने घरमालकाला काढावं तसं. हा अन्याय मी दूर करणार. कोशात 'खोल विचार करणे' पहिल्या नंबरावर, आणि 'प्रश्न करणे' खाली कुठेतरी, बारीक अक्षरात.

मन फिरवायचं तर देहही फिरायला हवा. दुपारी ऑफिसमागच्या बागेत गेलो. बाक दिसला. बसलो. डोळे मिटून खोलवर गेलो. बऱ्याच वेळाने कुत्रा फिरवायला आलेल्या एका बाईने खांदा हलवून विचारलं, काका, बरं आहे ना तुम्हाला? तोंड उघडं होतं म्हणे. विचारमग्न माणसाचा जबडा सैल पडतो, हे सर्वसामान्य लोकांना माहीत नसतं. पण तिने केली ती 'विचारपूस'. शब्द टिपून घेतला. म्हणजे दिवस सत्कारणी लागला.

चर् धातूचाच दुसरा अर्थ, चरणे. बिस्किटं संपली.

बुधवार, ५ मार्च

ही घरी नाटक कंपनीचे कपडे शिवते. हॉलमध्ये सध्या दोन राजे, एक सेनापती आणि निम्मी फौज हँगरला लटकते आहे. मुकुट फ्रिजवर. अशा गर्दीत मी आरामखुर्चीत डोळे मिटून काम करतो, त्याचं कुणाला कौतुक नाही.

संध्याकाळी हिने मशीन थांबवलं आणि समोर स्टुलावर येऊन बसली. म्हणाली, अहो, ऐकताय ना? म्हटलं, हं. तर, कंपनी पाच महिन्यांच्या दौऱ्यावर निघते आहे. गावोगाव प्रयोग. कपड्यांचं सगळं खातं हिच्याकडे देतायत, मुख्य म्हणून. चांगली गोष्ट आहे. मी डोळे न उघडता मान हलवली.

आणखीही बरंच काही सांगत होती. त्यांच्या प्रॉम्प्टरला म्हणे ऐकू येईनासं झालंय, त्यामुळे तो विंगेतून ओरडतो आणि प्रेक्षकांना प्रत्येक वाक्य दोनदा मिळतं. त्याच्या जागी दुसरा माणूस हवाय. शब्दांची जाण असलेला, तासन्‌तास एका जागी गप्प बसू शकणारा. म्हटलं, असा माणूस मिळणं कठीण. ही म्हणाली, मिळेल की, आणि हसली. यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. राहायची सोय दोघांची आहे, असंही म्हणाली. हिच्याबरोबर आणखी कुणी शिवणारी असेल.

मग हिने विचारलं, तर मग, काय विचार आहे?

हा प्रश्न या घरात मला कित्येक वर्षांत कुणी केला नव्हता. मी भरभरून बोललो. म्हटलं, विचार सध्या चर् धातूपाशी आहे. धातू सुटलाय, पण 'वि' हा उपसर्ग 'विशेष'चा की 'विविध'चा, तिथे गाडी अडली आहे. ही ऐकत होती. गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. सगळं ऐकून म्हणाली, पुढच्या शुक्रवारपर्यंत कंपनीला कळवायचंय.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बिचारी परवानगी मागते आहे! म्हटलं, विचार करून सांगतो.

बरं, म्हणाली. आज मशीन फारच जोरात चालत होतं.

शुक्रवार, ७ मार्च

संकल्पात बदल: पहाटेऐवजी सकाळी.

कोशाला जिवंत बोलण्यातली उदाहरणं लागतात. म्हणून सलूनमध्ये गेलो. तिथे माणसं मोकळं बोलतात. न्हाव्याने विचारलं, कसे कापू? प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. माणूस स्वतःला कसा बघतो, जगाने त्याला कसं बघावं, असं बरंच त्यात येतं. म्हटलं, थांब जरा, विचार करतो. डोळे मिटले. उघडले तर डोकं जवळजवळ संपलं होतं. म्हटलं, अरे, मी सांगणार होतो ना! तो म्हणाला, साहेब, मी तीनदा विचारलं. पाठीमागे लोक खोळंबले होते.

उदाहरण मिळालं: 'न विचारता केस कापले.' पण तो तर म्हणतो विचारून कापले. वादग्रस्त उदाहरण. वगळावं लागणार.

ही बघून काही बोलली नाही. टकटक बोलली.

सोमवार, १० मार्च

ऐतिहासिक दिवस. टिपण बाईंच्या टेबलावर ठेवलं. सुवाच्य अक्षरात, समास सोडून, एकतीस पानं. नाव: 'विचारणे: एक विचार'.

बाईंनी ते हातात घेऊन आधी नुसतं तोललं. मग चाळलं. मग विचारलं, यात अर्थ कुठे आहे? म्हटलं, हे प्रास्ताविक आहे. अर्थ दुसऱ्या भागात येईल. बाई म्हणाल्या, आठ ओळी. मला वाटलं, त्यांना त्यातल्या आठ ओळी विशेष आवडल्या. विचारलं, कोणत्या? म्हणाल्या, कोणत्याही, पण आठच. नोंद आठ ओळींची असते. तुम्ही इथे नवे आहात का?

घोटाळा झाला खरा. पण थोड्यात लिहायचं तर जास्तच विचार करावा लागतो, हे बाईंच्याही लक्षात येईल. म्हणजे काम कमी झालेलं नाही, वाढलं आहे. टकटक म्हणाली, आठ ओळींना दहा मिनिटं पुरतात. तिच्याकडे बघून वाईट वाटलं. इतक्या लहान वयात इतकं वरवरचं.

मंगळवार, ११ मार्च

लेकीचा फोन. लग्न झाल्यापासून ती एरवी आईशी बोलून फोन ठेवते. आज मुद्दाम मला मागितलं. म्हणाली, बाबा, आईला काय सांगितलंत? म्हटलं, विचार करून सांगतो म्हटलंय. ती म्हणाली, म्हणजे नाहीच ना? म्हटलं, नाही कसं? विचार करतोय. ती म्हणाली, बाबा, साऱ्या जगात विचार करून सांगतो म्हणजे नाही. मी सायकल मागितली तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात.

मुलांना काय कल्पना असणार! सायकलचा विचार मी मनापासून करत होतो. रंगाचा झाला होता, घंटीचा झाला होता. तिच्या लग्नापर्यंत ब्रेकपाशी येऊन पोहोचलो होतो.

पुढे म्हणाली, आई तुमची वाट बघतेय हो. म्हटलं, बघू दे की, माझा निर्णय असा घाईघाईने घेतलेला तिला आवडणार नाही. लेकीने फोन आईकडे द्यायला सांगितला. ही स्वयंपाकघरात दार ओढून तिच्याशी बोलत होती.

बुधवार, १२ मार्च

खुर्चीत बसलो असताना हिने येऊन गळ्याभोवती टेप टाकली. क्षणभर दचकलो. मापं घेत होती. गळा, खांदे, हात, पोट. पोटापाशी 'बापरे' म्हणाली. विचारणार होतो की हे कशाला, पण तोंड उघडलं असतं तर 'वि' निसटला असता. महत्प्रयासाने हाताशी आला होता.

तरीही निसटला.

गुरुवार, १३ मार्च

कपाटात नवा शर्ट! काळा. मऊ कापडाचा, हात हलवला तरी आवाज होत नाही. बटणंसुद्धा काळी, चकाकी नसलेली. आता सगळा उलगडा झाला. सहसंपादकपदाची बातमी हिच्या कानावर कुठून तरी गेली आहे आणि त्या दिवशी घालायला हिने गुपचूप शर्ट शिवला आहे. बोलून दाखवत नाही, पण मनात सगळं असतं हिच्या.

मीही काही बोललो नाही. तिच्या आनंदावर विरजण कशाला?

उद्या शुक्रवार. परवानगी द्यायची की नाही, याचा विचार उद्या पूर्ण करायचा. एकंदर मनाचा कल देण्याकडे आहे.

शुक्रवार, १४ मार्च

ऑफिसातून येऊन बसलो होतो. 'वि' अगदी दाराशी आला होता. तेवढ्यात ही हातात फोन धरून समोर उभी. हळू आवाजात म्हणाली, कंपनीचे व्यवस्थापक आहेत लाइनवर, काय सांगू? मी डोळे मिटलेलेच ठेवले आणि एक बोट वर केलं. थांब, असं. एवढं झालं की सांगतोच, असं.

डोळे उघडले तेव्हा बोटाला मुंग्या आल्या होत्या आणि ही स्वयंपाकघरात होती. विचारलं, काय सांगितलंस त्यांना? म्हणाली, तुम्ही विचार करून सांगताय, असं सांगितलं. मग? म्हणाली, ते म्हणाले, समजलं.

समजूतदार माणूस दिसतो. म्हणजे मुदत वाढवून मिळाली. उगाच जिवाला घोर लावून घेतला होता.

जेवताना हिने माझ्या ताटात दोनदा मीठ वाढलं.

रविवार, १६ मार्च

जिन्यात तळमजल्यावरचे डॉक्टर भेटले. निवृत्त दंतवैद्य. बडबड्या माणूस. हातात नाटकाचं जाडजूड बाड, आणि पायऱ्या चढता चढता कुजबुजत वाचत होते. या वयात काय हे! मला बघून म्हणाले, वहिनींनी विचारलं, मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. मजा येईल! मी हसून वाट दिली. कशाला हो म्हटलं ते विचारलं नाही. या लोकांचं असंच. प्रश्न कानावर पडायचा अवकाश, उत्तर तोंडाबाहेर. मधे काही नाहीच.

संकल्पात बदल: सकाळऐवजी दुपारी, जेवणानंतर.

मंगळवार, १८ मार्च

आठ ओळींपैकी पहिली लिहिली. 'विचारणे, क्रियापद.' यात कुणी चूक काढून दाखवावी.

हॉलमधले राजे खाली उतरले. ही ट्रंका भरते आहे. अजून मी परवानगी दिलेली नाही, तरी तयारी चालू. माझ्यावर किती हा विश्वास! मन भरून आलं. मदत करायला उठणार होतो, पण आरामखुर्चीवर सेनापतीचा अंगरखा पसरला होता. म्हणजे मी आधी उठलेलोच होतो, आता बसायचं कुठे, असा प्रश्न. गॅलरीत उभा राहिलो.

गुरुवार, २० मार्च

काळा शर्ट घातला. आरशात बघितलं. सहसंपादक.

ऑफिसचा पॅसेज अंधारा. समोरून बाई आल्या, माझ्याकडे न बघता सरळ निघून गेल्या. मी खोकलो तर दचकल्या. म्हणाल्या, इथे उभे आहात होय! दिसलाच नाहीत. टकटकसुद्धा कपाट उघडताना माझ्यावर आदळली आणि तिच्या कपातला चहा माझ्या शर्टावर. काळ्यावर डाग दिसत नाही, एवढी एक गोष्ट या शर्टाची चांगली.

दुपारी बाईंनी नोंद मागितली. म्हटलं, एक ओळ तयार आहे, बाकीच्या सात विचाराधीन आहेत. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग टकटककडे बघितलं. टकटक म्हणाली, देते. आणि दिली. दहा मिनिटंही लागली नाहीत. मी घड्याळ मुद्दाम बघितलं नाही.

मग बाईंनी सर्वांना बोलावून सांगितलं की सहसंपादकाची जागा टकटकला दिली आहे. टाळ्या. मीही वाजवल्या. नंतर केबिनमध्ये जाऊन विचारलं, माझ्या अर्जाबद्दल तुम्ही विचार करून सांगणार होतात ना? बाई म्हणाल्या, अहो, सांगितलं होतं की त्याच दिवशी.

टेबलावर टकटकने ठेवलेलं प्रूफ होतं. 'विचारणे'. १. प्रश्न करणे. २. (जुना) मनात खोलवर विचार करणे. मूळ अर्थ बसवलाय दुसऱ्या नंबरावर, कंसातल्या 'जुना'सकट. आणि सातव्या ओळीवर: '(नकारार्थी) किंमत देणे, दखल घेणे. उदा. त्याला आता कोणी विचारत नाही.' लगेच आक्षेप नोंदवला. म्हटलं, इतकं उदास उदाहरण कशाला? असं कोण बोलतं? टकटक म्हणाली, सगळेच बोलतात. त्याच्यावरची नोंद 'विचार'ची. तीही तिचीच. शेवटी लिहिलंय: 'विचार करून सांगतो: नकार कळवण्याची सभ्य रीत.'

सभ्य रीत! मग माणसाला खरोखर विचार करायचा असेल तर त्याने म्हणायचं काय? टकटकला हेच विचारलं. ती म्हणाली, तुम्ही पहिलेच आहात हे विचारणारे.

शुक्रवार, २१ मार्च

रजा. डोकं दुखत होतं.

दिवसभर पडून ठरवलं. ऑफिस म्हणजे काही आयुष्य नव्हे. आपल्या माणसांकडे आपण फार दुर्लक्ष केलं. उद्या हिला परवानगी द्यायची. नुसती नाही, भरघोस. मनात चार वाक्यं जुळवली. पहिल्यात तिच्या कष्टांचा उल्लेख, शेवटच्यात माझ्या त्यागाचा. पाच महिने मी कसंबसं निभावून नेईन. अंडी उकडता येतात.

शनिवार, २२ मार्च

लिहिणार नव्हतो. पण लिहितो.

ही जमिनीवर बसून शेवटच्या ट्रंकेतल्या कपड्यांवर टाचण्या लावत होती. तोंडातही टाचण्या. मी दोन ट्रंकांच्या मधोमध उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हटलं, मी पूर्ण विचार केला आहे. जा. माझी परवानगी आहे.

हिने तोंडातली एक एक टाचणी काढून डबीत ठेवली. सगळ्या ठेवून झाल्यावर म्हणाली, जायचं तर मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. ते कुठे विचारलं होतं तुम्हाला?

म्हटलं, मग काय विचारलं होतंस?

म्हणाली, तुम्ही येता का, ते.

मी तिथेच खाली बसलो. सेनापतीवर. ही म्हणाली, प्रॉम्प्टरसाठी मीच तुमचं नाव सुचवलं होतं. म्हटलं होतं त्यांना, आमच्या घरी एक माणूस आहे, शब्दांतला आहे, तासन्‌तास हलत नाही. शर्टही शिवला काळा, विंगेत दिसू नये म्हणून. मला वाटलं, इतकी वर्षं एका खोलीत राहून दोन दिशांना तोंडं करून बसतो, तर पाच महिने एका विंगेत बसून बघू.

मी म्हटलं, येतो! ताबडतोब म्हटलं. मोठ्याने म्हटलं. मागचापुढचा कसलाही विचार न करता.

म्हणाली, आता डॉक्टर येतायत. मी विचारलं, त्यांना प्रॉम्प्टिंगमधलं काय कळतं? म्हणाली, समोरचा तोंड उघडून गप्प राहिला की काय करायचं, हे त्यांना आयुष्यभर माहीत आहे. मग म्हणाली, तुम्ही विचार करून सांगतो म्हणालात. मी काय तुम्हाला ओळखत नाही? तरी शुक्रवारपर्यंत थांबले. तुम्ही बोट वर केलंत तेव्हाही थांबले. फोनवर ते थांबले होते आणि मी तुमच्या बोटाकडे बघत उभी होते.

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

शर्ट परत मागितला. डॉक्टरांच्या मापाने पोटात बराच आत घ्यावा लागेल म्हणाली. चहा सांडलाय, हे मी सांगितलं. म्हणाली, असू दे, दिसत नाही.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हे कुठून आलं, त्याचं मूळ काय, ते शोधावंसं वाटलं नाही.

रविवार, २३ मार्च

सकाळी कंपनीची बस दारात. ट्रंका मी उचलल्या, दोन. तिसरी डॉक्टरांनी. ते खिडकीशी बसले आणि सगळ्यांना पेपरमिंट वाटू लागले. दातांना वाईट, असं स्वतःच म्हणत होते.

हिने गॅस कसा बंद करायचा ते सांगितलं. कुंड्यांना पाणी एक दिवसाआड. इस्त्रीवाल्याकडे चादरी आहेत. मी सगळ्याला हो म्हटलं. मलाही काही सांगायचं होतं. मनात वाक्य जुळत आलं होतं, फक्त शेवटचं क्रियापद ठरत नव्हतं. 'जपून राहा' की 'लवकर ये' की आणखी काही. बस सुटली.

हिने खिडकीतून हात केला. मीही केला. चुकून एकच बोट वर गेलं. लगेच बाकीची उघडली, पण तोवर बस वळली होती.

मंगळवार, २५ मार्च

ऑफिस. हसतमुख चेहऱ्याने गेलो. कुणी काही विचारलं नाही. केस वाढलेत तेही नाही, ही गेली तेही नाही. टकटक केबिनशेजारच्या नव्या टेबलावर गेली. माझ्या शेजारचं टेबल रिकामं. शांतता. विचार करायला उत्तम. एकही आला नाही.

चार वाजता बाईंना जाऊन सांगितलं, सातव्या ओळीवरचा माझा आक्षेप मी मागे घेतो. उदाहरण राहू द्या. जिवंत बोलण्यातलं आहे. बाई म्हणाल्या, ते सकाळीच छापून झालं.

घरी येऊन दोन अंडी उकडली. पाणी आटून तळ काळा झाला. भांडं हिचं आवडतं.

गुरुवार, २७ मार्च

आज संध्याकाळी फोन. ही. मागे ठोकाठोकीचा आवाज, सेट लावत असावेत. विचारत होती, काळ्या बटणांची डबी घरी राहिली का? मी क्षणाचाही विलंब न लावता म्हटलं, हो, टेबलावर आहे. आयुष्यात दुसऱ्यांदा विचार न करता उत्तर दिलं. फोन ठेवला आणि बघितलं तर टेबलावर डबी नव्हती.

घर उलटंपालटं केलं. फ्रिजवर सापडली, मुकुट असायचा तिथे. परत फोन लावला. म्हटलं, टेबलावर नाही, फ्रिजवर आहे. म्हणाली, बरं. डॉक्टरांच्या शर्टाचं बटण तुटलंय, पण इथे बघते कुठे मिळतं का. मग म्हणाली, जेवताय ना वेळेवर? म्हटलं, हो. भांड्याचं बोललो नाही.

फोन ठेवायची वेळ आली. मी घसा साफ केला आणि हिला विचारलं. म्हणजे कोशातल्या पहिल्या अर्थाने विचारलं. म्हटलं, डबी मी घेऊन येऊ का? तिकडे ठोकाठोकी थांबली होती, त्यामुळे ही गप्प आहे ते स्वच्छ ऐकू येत होतं. मीही फोन कानाला लावून उभा होतो.

मग म्हणाली, विचार करून सांगते.

याचा अर्थ टकटकने दिला आहे. छापूनही झाला आहे. पण एका ओळीत सगळेच अर्थ मावत नाहीत, हे मी बाईंना सुरुवातीपासून सांगतो आहे.

बॅग भरून दाराशी ठेवली. डबी वरच्याच कप्प्यात आहे.